अडत्याची पट्टी : लहान व्यवसायाने ऑनलाइन भरणा-सेवा कशी निवडावी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत या भाषणाचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असणे शक्य आहे. कार्डाने पैसे कसे घ्यावेत हा काय व्यासपीठावरून बोलण्याचा विषय? परंतु डॉ. बाबासाहेबांनी याच देशात, लंडनमध्ये, १९२३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो रुपयाच्या प्रश्नावर होता. पैसा कोणाच्या हातून फिरतो आणि वाटेत कोण किती कापून घेतो, हा विषय आपणास परका मानण्याचे कारण नाही. एवढी प्रस्तावना पुरे.

आपल्यातील पहिली पिढी या देशात आली ती नोकरीसाठी. कारखाना, रेल्वे, टपाल खाते, इस्पितळ. महिन्याचा पगार खात्यात जमा होई आणि त्यात कोणी मध्यस्थ नसे. आता आपल्या घरांतील सुना, लेकी आणि निवृत्त झालेली मंडळीसुद्धा छोटे व्यवसाय करू लागली आहेत. कोणी डबे पुरवते, कोणी काळा मसाला व शेंगदाण्याची चटणी बाटल्यांत भरून विकते, कोणी पुस्तके मागवून विकते, तर कोणी मुलांच्या शिकवण्या घेते. गिऱ्हाईक समोर नसते. ते दोनशे मैलांवर बसून मोबाइलवर बोट टेकवते. त्या बोटापासून आपल्या बँकखात्यापर्यंतच्या वाटेवर जे घडते, त्याविषयी मला बोलावयाचे आहे.

ज्यांचे बालपण मराठवाड्यात, विदर्भात वा खानदेशात गेले, त्यांना बाजार समितीतील अडत्या आठवत असेल. शेतकरी माल आणून टाकी, अडत्या तो विके, आणि शेवटी एक पट्टी हातात ठेवी. वर मालाची एकूण किंमत, मध्ये अडत, हमाली, तोलाई यांची वजावट, आणि तळाशी उरलेली रक्कम. जाणता शेतकरी तळाचा आकडा पाहण्याआधी मधल्या ओळी वाचत असे. त्याहून जाणता शेतकरी एकच प्रश्न विचारी : पैसे कधी?

ऑनलाइन भरणा-सेवा ही आजची अडतच होय. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक एक, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारखे कार्डाचे जाळे दुसरे, व्यापाऱ्याच्या वतीने पैसे वसूल करणारी संस्था तिसरी, आणि आपल्या संकेतस्थळावर कार्डाची माहिती घेणारी खिडकी चौथी. पेपाल, स्ट्राइप, स्क्वेअर यांसारख्या सेवा यांतील शेवटची दोन कामे एकत्र करून देतात. प्रत्येकाचा वाटा आपल्या विक्रीतूनच जातो. पूर्वी हुंडी वटविताना वटणावळ द्यावी लागे, तीच ही वटणावळ.

मात्र एक फरक ध्यानात असू द्यावा. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. ब्रिटनमध्ये कायदा नेमका उलट्या दिशेने गेला. १३ जानेवारी २०१८ पासून वैयक्तिक कार्डाने पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून त्याबद्दल जादा आकार घेण्यास येथे बंदी आहे. 'कार्डाने दिल्यास ५० पेन्स अधिक' अशी पाटी आजही काही ठिकाणी दिसते. ती बेकायदेशीर आहे. तेव्हा ही वटणावळ आपल्या किमतीतच धरली पाहिजे, आणि त्यासाठी ती किती पडते हे अचूक ठाऊक हवे.

येथे बहुतेकांची फसगत टक्क्यांपाशी होते. समजा एका सेवेचा दर दीड टक्का अधिक प्रत्येक व्यवहारामागे २० पेन्स असा आहे, आणि दुसरीचा सरसकट अडीच टक्के. कोणीही म्हणेल, पहिली स्वस्त. आता ८ पौंडांची चटणीची बाटली घ्या. पहिल्या सेवेत १२ पेन्स आणि २० पेन्स मिळून ३२ पेन्स जातात, म्हणजे चार टक्के! दुसऱ्या सेवेत २० पेन्स जातात. हीच विक्री ८० पौंडांची असेल, तर पहिली १ पौंड ४० पेन्स घेते आणि दुसरी २ पौंड. २० पौंडांच्या विक्रीवर दोघींचा हिशेब सारखा होतो. म्हणून आपल्या सरासरी विक्रीचा आकडा काढल्याखेरीज कोणत्याही दरपत्रकाकडे पाहू नये. जिची सरासरी विक्री ८ पौंड आणि जिची ८० पौंड, अशा दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या सल्ल्याने एकच सेवा घेतली तर एकीचे नुकसान ठरलेलेच.

दरमहा ठराविक भाडे आणि कमी टक्के, असाही एक प्रकार असतो. महिन्याला २० पौंड भाडे देऊन अडीचऐवजी एक टक्का द्यावा लागत असेल, तर सुमारे १,३३३ पौंडांच्या मासिक विक्रीनंतरच तो परवडू लागतो. नव्या व्यवसायाने या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विक्री नसलेल्या महिन्यातही भाडे चालूच राहते.

पट्टीच्या मधल्या ओळींत आणखीही काही असते. माल परत आला आणि आपण गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, तरी मूळ व्यवहाराचा आकार अनेक सेवा परत देत नाहीत. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केल्यास वेगळा दंडवजा आकार पडतो. परदेशी कार्डांचा दर निराळा, चलन बदलण्याची हुंडणावळ निराळी. युरोपातील आप्तेष्टांना माल पाठविणाऱ्यांनी तर हे आवर्जून तपासावे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, २०२१-२२ मध्ये, युरोपीय ग्राहकांच्या ऑनलाइन कार्डव्यवहारांवरील आंतरबँक शुल्क डेबिट कार्डासाठी ०.२ वरून १.१५ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ वरून १.५ टक्के झाले. ही पाचपट वा त्याहून अधिक वाढ शेवटी व्यापाऱ्याच्याच माथी येते.

आणि दर आपोआप कमी होतील या भ्रमात कोणी राहू नये. वर सांगितलेली ०.२ व ०.३ टक्क्यांची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये लागू झाली, ती व्यापाऱ्यांवरील भार हलका व्हावा म्हणून. परंतु येथील पेमेंट सिस्टिम्स रेग्युलेटरने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हा असे आढळले की मोठ्या व्यापाऱ्यांना या बचतीचा लाभ पोहोचला, आणि लहान-मध्यम व्यापाऱ्यांना फारसा पोहोचलाच नाही. मोठ्याशी घासाघीस होते, लहान मात्र छापील दर भरत राहतो. आपण विचारीत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. वर्षातून एकदा तरी लेखी विचारणा करावी, दुसऱ्या सेवेचे दरपत्रक सोबत जोडावे.

आता मी त्या जाणत्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते निवडीचा खरा निकष येथे आहे. दर हा त्याच्या मागून येतो.

मिडलँड्समधील आपल्याच एका भगिनीचा अनुभव सांगतो. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, महिन्याची विक्री सुमारे ६०० पौंड. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने मागणी आली आणि नऊ दिवसांत ४,६०० पौंडांची विक्री झाली. घरात आनंदीआनंद! दहाव्या दिवशी भरणा-सेवेचे पत्र आले : खात्यातील व्यवहार नेहमीपेक्षा निराळे दिसत असल्यामुळे रक्कम रोखून ठेवण्यात येत आहे. बाटल्यांच्या पुरवठादाराचे देणे होते, टपालाचा खर्च होता, मिरच्या व खोबरे उधारीवर आणले होते. दूरध्वनी करावा तर क्रमांकच नाही. संदेश पाठवावा तर ठराविक साच्यातील उत्तर. तिने खरेदीच्या पावत्या पाठविल्या, टपालाच्या पोचपावत्या पाठविल्या. पैसे अकरा आठवड्यांनी मिळाले, आणि तोवर यजमानांच्या पगारातून पुरवठादाराला हप्ते द्यावे लागले. पुढील वर्षी तिने ऑक्टोबरची मागणी घेतलीच नाही.

यात जातीचा, रंगाचा वा नावाचा आकस होता काय, असे मला अनेकांनी विचारले. असा प्रश्न आपल्या मनात प्रथम यावा यात नवल नाही, पण येथे कारण बहुधा निराळे होते आणि ते समजून घेणे अधिक उपयोगी आहे. पूर्वी कार्ड स्वीकारण्यासाठी बँकेकडे अर्ज करावा लागे. बँक आठवडेच्या आठवडे चौकशी करी आणि मगच खाते देई. आजच्या सेवा काही मिनिटांत खाते देतात. चौकशी टळलेली नसते, पुढे ढकललेली असते. दार सताड उघडे, आणि पहारेकरी आत. जेव्हा मोठी रक्कम प्रथमच येते, नेमकी तेव्हा ती चौकशी सुरू होते.

चौकशी का? कारण कार्डाने दिलेला पैसा गिऱ्हाईक परत मागू शकते. माल मिळाला नाही, सदोष मिळाला, किंवा व्यवहार आपण केलाच नाही असे म्हणून तक्रार करण्यास साधारणतः १२० दिवसांची मुदत असते. शिवाय १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये, १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूबाबत क्रेडिट कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. विक्रेता नाहीसा झाला तर तो पैसा मधल्या संस्थांच्या अंगावर येतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजी थॉमस कुक ही प्रवासी कंपनी कोसळली आणि कार्डाने सहलीचे पैसे भरलेल्या असंख्य ग्राहकांना परतावे द्यावे लागले, हे आपणास स्मरत असेल. तेव्हा आज पैसे घेऊन सहा महिन्यांनी सेवा देणारा व्यवसाय, मग ती बुद्धगया-सारनाथची सहल असो वा लग्नाच्या जेवणावळीचे कंत्राट असो, या मंडळींना जोखमीचा वाटतो. अशा व्यवसायाच्या प्रत्येक विक्रीतील काही हिस्सा ठेव म्हणून महिनोन्‌महिने अडकवून ठेवण्याची अट करारात असू शकते. ती वाचूनच सही करावी.

यावर उपाय आहेत. हंगाम येणार हे आपणास आधी ठाऊक असते. तर दोन-तीन आठवडे अगोदर सेवेला लेखी कळवावे की अमुक काळात विक्री इतक्या पट होण्याची अपेक्षा आहे, सोबत गतवर्षीचा हिशेब आणि खरेदीच्या पावत्या. टपालाची पोच मिळेल अशाच पद्धतीने माल धाडावा. एक दुसरी सेवाही उघडून ठेवावी आणि तिच्यातून महिन्याला थोडीफार विक्री चालू ठेवावी, म्हणजे एक दार बंद झाले तरी दुकान बंद होत नाही. निवडीपूर्वी पाहावयाचे ते हे : पैसे किती दिवसांनी बँकेत येतात, कोणत्या अटीवर रोखले जातात, आणि रोखले गेल्यास माणसाशी बोलता येते की नाही. खाते उघडण्यापूर्वीच त्यांच्या मदत-क्रमांकावर एकदा संपर्क साधून पाहावा. विक्री करण्यापूर्वी जो उत्तर देत नाही, तो अडचणीत उत्तर देईल अशी आशा धरणे व्यर्थ होय.

आपल्या कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक अडसर वारंवार येतो, तो नावांचा. पारपत्रावर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी मराठी रीत. बँकेत फक्त पहिले नाव व आडनाव. माहेरचे आडनाव पदवीपत्रावर, सासरचे वीजबिलावर. कित्येक घरांनी जुने आडनाव सोडून नवे घेतले, पण एका भावाने बदलले आणि दुसऱ्याने नाही. इंग्रजी वर्णलेखनही प्रत्येक कागदावर वेगळे. माणसाला हे समजते. यंत्राला समजत नाही. ते 'नाव जुळत नाही' असे म्हणून खाते थांबविते, आणि तेही पैसे जमा झाल्यावर. म्हणून भरणा-सेवेचे खाते, बँकेचे खाते आणि ओळखपत्र यांवरील नाव अक्षरशः एक असावे. कंपनी असेल तर तिच्या नोंदणीतही तेच. नाव बदलल्याचा दस्तऐवज जवळ ठेवावा. सुनेच्या व्यवसायाचे पैसे सासऱ्यांच्या खात्यात जमा करण्याची रीत तर आजच सोडावी. त्यात अडचण यंत्राची आहेच, पण पैसा जिने मिळविला तिच्याच नावे तो जमा व्हावा, हेही उचितच आहे.

नावाचाच दुसरा भाग म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँक-पत्रकावर काय छापून येते. दुकानाचे नाव एक आणि पत्रकावर कंपनीचे तिसरेच नाव आले, तर गिऱ्हाईक ओळखत नाही आणि प्रामाणिकपणे तक्रार नोंदविते. पत्रकावरील नाव बहुतेक सेवांमध्ये आपणास ठरविता येते. ते दुकानाचेच ठेवावे.

नागपूरहून आत्या येथील पुतणीच्या दुकानातून काही मागवू पाहते आणि कार्ड नाकारले जाते, अशीही तक्रार मी ऐकली आहे. त्यात सेवेचा दोष नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील आदेशानुसार भारतात नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठीच चालू करून दिले जाते. परदेशी वापर कार्डधारकाने स्वतः चालू करून घ्यावा लागतो. आत्याबाईंना तेवढे सांगावे.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. फोनवर कार्डाचे आकडे विचारून वहीत टिपून ठेवणे पूर्णतः बंद करावे. त्याऐवजी सेवेकडून भरण्याचा दुवा मिळतो, तो गिऱ्हाइकास पाठवावा, म्हणजे आकडे आपल्या हाती येतच नाहीत. १४ मार्च २०२२ पासून या देशात ऑनलाइन कार्डव्यवहारास बँकेकडून दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची झाली आहे, काही अपवाद वगळता. ती पार पडलेल्या व्यवहारात 'मी पैसे दिलेच नाहीत' या तक्रारीचा भार सामान्यतः ग्राहकाच्या बँकेवर जातो. माल न मिळाल्याच्या तक्रारीस मात्र हे लागू नाही.

जमलेली रक्कम सेवेच्या खात्यातच साठवून ठेवण्याची सवय काहींना आहे. 'तेथे सुरक्षित आहे' असे ते म्हणतात. जून २०२० मध्ये जर्मनीतील वायरकार्ड या बड्या कंपनीच्या हिशेबात १९० कोटी युरो नसल्याचे उघड झाले. २५ जूनला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २६ जूनला येथील फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने तिच्या ब्रिटिश शाखा-कंपनीचे व्यवहार थांबविले. तिच्यावर विसंबून असलेल्या इतर सेवांच्या ग्राहकांना ३० जूनपर्यंत स्वतःच्या पैशांना हात लावता आला नाही. अशा सेवांनी ग्राहकांचा पैसा स्वतंत्र ठेवावा असा नियम आहे. परंतु बँक बुडाल्यास ठेवीदारास मिळणारी भरपाई-योजना त्यांना लागू होत नाही. म्हणून रोजच्या रोज, निदान आठवड्याला, रक्कम आपोआप बँकेत जमा होईल अशी व्यवस्था असलेलीच सेवा घ्यावी. तिचे नाव त्या ऑथॉरिटीच्या नोंदवहीत आहे की नाही, हे कोणासही विनामूल्य पाहता येते.

तक्रारीची वाटही उपलब्ध आहे. १ एप्रिल २०१९ पासून ६५ लाख पौंडांहून कमी उलाढालीचे, ५० पेक्षा कमी माणसांचे लहान व्यवसायही फायनान्शियल ओम्बड्‌समनकडे दाद मागू शकतात. आधी सेवेकडे लेखी तक्रार करावी. तिचे अंतिम उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत ओम्बड्‌समनकडे जावे. त्याचे शुल्क तक्रारदारास पडत नाही. आपल्या मंडळींनी या हक्काचा वापर फार थोडा केला आहे.

हिशेबाची एक गोष्ट राहिली. बँकेत जमा होते ती वजावटीनंतरची रक्कम. पुष्कळजण तीच विक्री म्हणून रोजमेळात लिहितात. विक्री म्हणून पूर्ण रक्कम लिहावी आणि वटणावळ खर्चात दाखवावी. मूल्यवर्धित कराच्या नोंदणीसाठी १ एप्रिल २०२४ पासून जी ९०,००० पौंडांची मर्यादा आहे, ती करपात्र विक्रीवर मोजली जाते, हाती पडलेल्या रकमेवर नव्हे.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. देणगीचे पान उघडे ठेवले की चोरलेली कार्डे चालतात की नाही हे पाहण्यासाठी भामटे त्यावर एक-एक पौंडाच्या शेकडो देणग्या टाकतात, आणि पुढे त्या साऱ्या तक्रारी बनून परत येतात. देणगीची किमान रक्कम ठरवावी आणि अकस्मात लहान देणग्यांचा पाऊस पडला तर हर्षभरित न होता पान तात्पुरते बंद करावे. वार्षिक वर्गणीसाठी तर कार्ड हवेच कशाला? बँकेतून थेट भरणा २००८ पासून बहुधा क्षणार्धात पोहोचतो, आणि वैयक्तिक खात्यावरून तो करणाऱ्यास सहसा काही पडत नाही. ओळखीच्या, नित्याच्या गिऱ्हाइकांनाही खातेक्रमांक देण्यास संकोच करू नये. अनोळखी गिऱ्हाइकास मात्र कार्डाचे संरक्षण हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे.

भोजनोत्तर मी बाहेरील मेजापाशी बसणार आहे. ज्यांना आपल्या सेवेची मागील महिन्याची पट्टी समजून घ्यावयाची असेल, त्यांनी ती मोबाइलवर उघडून आणावी. सरासरी विक्रीचा आकडा आपण तेथेच काढू.  जय भीम!